पहिलं काहीही आईनेच बघावं

पाळणाघर चालवणाऱ्या मावशींचा एक नियम होता. बाळाचं पहिलं काहीही आईबापांना सांगायचं नाही. पहिलं पाऊल त्यांच्या सतरंजीवर पडे, पहिला शब्द त्यांच्या ओट्यापाशी फुटे, पण संध्याकाळी आई न्यायला आली की मावशी म्हणत, "आज-उद्यात चालेल बघ. लक्ष ठेव." मग ती आई एका सकाळी धावत येऊन बातमी सांगे आणि मावशी तोंडात बोट घालत.

"नाटक कंपनीत जायचं होतंस," त्यांचा नवरा म्हणे. "पगार तरी बरा मिळाला असता."

नियमाने कोणाचं वाईट झालं नव्हतं, ती मुलगी येईपर्यंत.

ती रांगायच्या आधीच पाळणाघरात आली. हसरी, क्वचित रडणारी. मावशी तिला शहाणी म्हणू लागल्या. एका दुपारी ओट्यावरून पातेलं घसरलं. झोपलेल्या सगळ्या बाळांनी दचकून भोकाड पसरलं. शहाणी झोपलेलीच.

"हिला कशाचं सोयरसुतकच नाही," मावशी कौतुकाने म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष राहू लागलं. बाकीच्यांची बाबा-दादा-मामा बडबड वाढत होती, हिची विरत चालली होती. सावली हलली, पायाखालची फळी हादरली की ती वळे. हाकेला वळत नसे. मावशींनी तिच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. पुन्हा वाजवली.

"आज काय केलं आमच्या बाईसाहेबांनी?" संध्याकाळी आईने विचारलं.

"शहाण्यासारखी राहिली."

आईनेच बघावं, असं मावशींनी स्वतःला समजावलं. नियम होताच. खरं तर जीभ रेटली नव्हती.

मुलगी चालू लागली, पण बोलेना. इतरांचं बघून ती ताटली आणे, चपला जागेवर ठेवे, त्यामुळे घरीही कोणाला शंका आली नाही. आईने एकदा विचारलंच. मावशी म्हणाल्या, "काही मुलं उशिरा बोलतात. आमचे हे तीन वर्षांपर्यंत गप्प होते. नंतर कुठे थांबले?" आई हसली. निश्चिंत होऊन गेली.

कानांची तपासणी झाली तेव्हा मुलगी जवळजवळ तीन वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी आई येऊन सतरंजीवरच बसली.

"पोटात असतानाच बाळाला आईचा आवाज कळू लागतो म्हणे. हिला तोही मिळाला नाही." ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत होती. "पाचव्या महिन्यात मला ताप आला होता. तरी कामावर गेले. डॉक्टर म्हणतात, कारण सांगता येत नाही. पण मला माहीत आहे."

"आणि यंत्र?"

"लावणार. पण भाषा शिकायची पहिली वर्षं महत्त्वाची असतात. ती गेली."

तुझं काही चुकलं नाही, एवढं म्हणून मावशींना थांबता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "ती वर्षाची व्हायच्या आधीपासून."

आईचा हात थांबला.

"तुम्ही म्हणालात, उशिरा बोलतात."

"हो."

"तुमच्या यजमानांचं उदाहरण दिलंत. सासूबाई तपासून घे म्हणत होत्या. मी त्यांनाही तेच सांगून गप्प केलं."

"हो."

मुलगी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. आईने तिला उचललं, चपला हातात घेतल्या आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

आता मावशी सगळं सांगतात. परवा एक आई दारात आली. "आज चालला तो," मावशी म्हणाल्या. "खिडकीपासून पाळण्यापर्यंत." तिचा चेहरा पडला. "मला आधी बघायचं होतं," असं म्हणून ती मुलाला घेऊन गेली.

"एवढं तरी गिळायचं होतंस," नवरा म्हणाला.

"कुठलं गिळायचं आणि कुठलं नाही, ते मला कळतं असं वाटत होतं," मावशी म्हणाल्या आणि सतरंजी झटकायला बाहेर गेल्या.