केबिनमध्ये कोण होतं

डेपोत त्याला सगळे डबल म्हणत. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एवढीच कंडक्टरच्या घंटीची भाषा. पण दोरी ओढून दोन टोले द्यायची त्याची तऱ्हा वेगळी होती. पहिला टोला पुरता विरायच्या आत दुसरा पडायचा. त्यात घाई नसायची आणि शंकाही नसायची. त्याचा ड्रायव्हर, ज्याला तो दादा म्हणायचा, सांगायचा की डबलची घंटी वाजली की पाय आपोआप क्लचवरून उठतो, डोक्याला विचारावं लागत नाही.

मग बसच्या दाराशी एक खांब आला आणि खांबावर यंत्र. कार्ड टेकवलं की पिंग. डेपोच्या साहेबांनी सगळ्या कंडक्टरांना एका खोलीत बसवून चहा पाजला, आणि कप रिकामे व्हायच्या आत चहा कशाबद्दल होता ते कळलं. दादा आधीच निवृत्त होऊन गेला होता. डबल मात्र अशा वयात घरी बसला, ज्या वयात माणूस नवं शिकायला म्हातारा असतो आणि नुसतं बसायला तरुण.

घरी बसला हे आपलं म्हणायला. त्याला बसताच येत नव्हतं. उभी हयात हलत्या गाडीत काढलेल्या त्याच्या पायांना स्थिर जमीन खोटी वाटे. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दाराशी, दारातून परत. ओट्याशी थांबला तरी पाय फाकवून, गुडघे किंचित सैल सोडून, एक हात वर फडताळाच्या कडेला. जणू आता वळण येणार.

"अहो, घर कुठे वळत नाहीये," बायको म्हणायची. "बूड टेका कुठेतरी. मला गरगरायला लागलंय."

"आत्ताच तर उठलोय."

"बसलात कधी, उठायला?"

मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. एका गिऱ्हाइकाकडून तिनेच बातमी आणली. यंत्रांमुळे ज्यांची नोकरी गेली त्यांना नवा धंदा शिकवायची सरकारची योजना होती, आणि त्यात ट्रक चालवायची शाळाही होती. फी सरकार भरणार.

"ट्रक? हे?" बायको म्हणाली. "सायकल स्टँडवर लावताना घाम फुटतो ह्यांना."

"लायसन आहे माझ्याकडे. तुझ्या भावाचा टेम्पो कुणी चालवला होता, त्याने घर बदललं तेव्हा?"

"आणि कपाटाचं दार कुणी मोडलं होतं तेव्हा?"

मुलीने सांगितलेली शाळेची फी मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. सरकारने भरली तर ट्रक, नाहीतर ही गॅलरी आणि हे दार. त्याला ते इतकं स्वच्छ दिसलं की तो पुन्हा उठून गॅलरीत गेला.

रोजगार कार्यालयातल्या मॅडम वयाने त्याच्या मुलीहून थोड्याच मोठ्या होत्या. टेबलाच्या काचेखाली त्यांनी कुठल्यातरी समुद्राचं चित्र ठेवलं होतं.

"काका, बसा ना."

"नको, बरं आहे."

"तुम्ही असे उभे राहिलात की मला वाटतं मीच तुमच्याकडे काम मागायला आलेय."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. मॅडमनी समजावलं. फी पूर्ण मिळेल, पण आधी शाळेचे मास्तर त्याला गाडीवर बसवून पाहणार. 'शिकण्यास योग्य' असा त्यांचा शेरा आला की पैसे मंजूर. पहिल्या वेळी नाही जमलं तर आणखी एकदा बोलावतील. तेव्हाही नाही जमलं तर ट्रकची फाईल बंद.

"आणि ट्रकच का? कारण लिहावं लागतं."

त्याने जरा विचार केला. कंडक्टरचं तोंड प्रवाशांकडे असतं, म्हणजे मागच्या काचेकडे. जे काही त्याने आयुष्यात पाहिलं ते दूर जाताना पाहिलं. दुकानं, पूल, चेहरे, सगळं त्याला त्याच्या पाठीमागून येऊन भेटायचं आणि लगेच लहान होत जायचं. येणारी गोष्ट दादाला दिसायची. त्याच्या वाट्याला गेलेली यायची.

"पुढून बघायचंय," तो म्हणाला.

"काय?"

"रस्ता."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'रोजगाराची चांगली संधी'.

बोलावणं यायला वेळ लागला. तो वेळ त्याने पायांवर काढला. शाळेचं आवार गावाबाहेर होतं, तारेच्या कुंपणाच्या आत काँक्रीटची मोठी मोकळी जागा. तो कुंपणाला धरून शिकाऊ लोकांना पाहत उभा राही. गाडी मागे यायला लागली की डेपोत बस मागे घेताना तिच्यावर पडायचा तसा त्याचा तळहात आपसूक कुंपणाच्या खांबावर पडायचा आणि ओठ हलायचे, येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस. कोणी वाकडं गेलं तर तो घरी येईपर्यंत चिडलेला असायचा.

मास्तर जाडजूड गृहस्थ होते. जन्म ट्रकवर गेलेला, त्यामुळे कंबर कामातून गेलेली. बसताना ते पाठीशी एक उशी घेत. पहिल्या चाचणीच्या सकाळी त्यांनी त्याला गाडीची ओळख करून दिली, दोन-चार फेऱ्या मारू दिल्या. मग शेजारच्या सीटवर उशी नीट लावून, शेरे लिहायचा पुठ्ठा मांडीवर घेऊन ते म्हणाले, "चला."

इंजिन चालू होतं. गिअर पडला होता. डबलचा पाय क्लचवर होता आणि तिथेच राहिला.

"चला की."

"हो."

गाडी हलेना. आपण कशाची वाट बघतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मास्तरांनी वैतागून पेनने पुठ्ठ्यावर दोनदा टकटक केलं, आणि गाडी लोण्यासारखी निघाली.

मास्तरांनी त्याच्याकडे एक तिरपा कटाक्ष टाकला. पुढची वळणं बरी गेली. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं जमलं. काच मोठी होती आणि तिच्यातून जग येतच होतं, येतच होतं. त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं.

मग रिव्हर्स. भिंतीशी आखलेल्या दोन पट्ट्यांत गाडी मागे न्यायची होती. त्याने आरशात पाहिलं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या दिसत होत्या, पण गाडीच्या थेट मागे काय आहे ते दिसत नव्हतं. तिथे कोणीतरी हवं, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणणंही जास्त होईल. गाडी न्यूट्रलला टाकून, दार उघडून तो खाली उतरला, गाडीच्या मागे जाऊन पाय फाकवून उभा राहिला, आणि ट्रकच्या मागच्या फळीवर थापा मारत मोकळ्या आवाजात म्हणाला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे."

गाडी आली.

आवाराला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून भिंतीकडे किंचित उतार दिलेला होता. गाडी संथपणे, अगदी सरळ, दोन पट्ट्यांच्या मधोमध मागे येत होती, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्या पायांना बरं वाटत होतं. "अजून. अजून थोडी. बस."

गाडी थांबली नाही.

"बस, बस म्हणतोय ना," तो ओरडला, आणि बाजूला उडी मारली. आत मास्तरांनी मोडक्या कमरेनिशी दोन सीटांच्या मधून झेप घेतली आणि हँडब्रेक खेचला. गाडीची फळी भिंतीला टेकता टेकता थांबली.

मास्तर कमरेवर हात ठेवून, एकेक पायरी मोजून टाकत खाली आले. रागावलेले दिसले नाहीत. रागावण्यापलीकडे काहीतरी त्यांना समजून घ्यायचं होतं.

"तुम्ही खाली आलात, तेव्हा केबिनमध्ये कोण होतं?"

"ड्रायव्हर," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेल्यावर त्याने तो ऐकला. दोघंही वर पाहू लागले. केबिनचं दार उघडं होतं आणि सीट रिकामी होती.

"खाली उतरून बघणं चूक नाही," मास्तर म्हणाले. "आंधळी जागा असली की मीही उतरून बघतो. पण मी ब्रेक लावून उतरतो. आणि परत वर जातो." त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'पुन्हा'.

दुसऱ्याच दिवशी मॅडमचा निरोप आला. तो गेला तर त्या खुशीत होत्या.

"काका, तुमच्यासाठी एक तोड काढलीय. गोदामांच्या आवारात गाड्या मागे घ्यायला माणूस लागतो, शिट्टी आणि झेंडी घेऊन. त्याचं शिक्षणही ह्याच योजनेत बसतं. चाचणी नाही काही नाही, सही केलीत की मंजूर. मास्तरही म्हणाले, माणूस त्या कामासाठीच जन्मलाय."

"आणि ट्रक?"

"ते बंद होईल मग. एकाच गोष्टीचे पैसे मिळतात." त्या जरा पुढे झुकल्या. "जागा थोड्या आहेत. ट्रकची दुसरी चाचणी होईपर्यंत त्या राहणार नाहीत. उद्या सांगा."

घरी बायकोने ऐकून घेतलं. "मग विचार कसला करताय? उभं राहायचंच काम आहे. त्याचे पैसे मिळणार, आणि माझ्या घरात शांतता."

"पुन्हा मागेच उभं राहायचं?"

"मागे म्हणजे काय वाईट? मी तुमच्या बसने यायचे लग्नाआधी, तेव्हा मागेच होतात ना उभे? मला काय वाईट दिसलात?"

त्याने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली, गॅलरीच्या दारासमोर ठेवली आणि तीत बसला. पाठ टेकून बसला. समोर पलीकडच्या इमारतीची भिंत होती, वाळत घातलेले कपडे होते. थोड्या वेळाने त्याचे हात स्टिअरिंग धरल्यासारखे हवेत आले.

बायको दारातून पाहत होती. पदराला हात पुसत ती बराच वेळ उभी राहिली. "मी मागे उभी राहू? थापा मारायला?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "मागे कोणी नकोय."

हे त्याने इतक्या हलक्या आवाजात सांगितलं की तिची पुढची थट्टा तिच्याच तोंडात राहिली. ती आत गेली आणि कोपऱ्यातली छत्री घेऊन आली. खुर्चीच्या डाव्या अंगाला, तिथे गुंडाळून ठेवलेल्या दोन गाद्यांच्या मधे तिने ती उभी रोवली.

"हा ब्रेक. उठायचं असेल तर आधी हा ओढायचा. काय समजलात?"

त्याने दुसऱ्या दिवशी मॅडमना नाही म्हणून सांगितलं. मॅडमनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं आणि तो बाहेर पडला. हातातलं सोडलं होतं. आता दुसरी चाचणी हीच काय ती वाट.

घरात त्या दिवसापासून छत्रीचं राज्य सुरू झालं. तो खुर्चीतून उठला, पलंगावरून उठला, अर्ध्या जेवणातून पाणी घ्यायला उठला, की बायकोचा आवाज यायचा, "छत्री." मुलगीही शिकली. ती कामावर निघताना दारातूनच म्हणे, "बाबा, छत्री," आणि तो उभा राहता राहता परत बसे, डावा हात लांबवी, ओढल्यासारखं करी, मग उठे. कधी कधी तो नुसता चिडे. पण एक झालं. उठायच्या आधी एक क्षण तो थांबायला लागला. त्या क्षणात त्याला जाणवायचं की आपण बसलेले होतो.

दुसऱ्या चाचणीला आभाळ कोरडं होतं आणि काँक्रीट तापलेलं. मास्तरांनी उशी लावली आणि ते बसले. या वेळी त्यांनी पेन पुठ्ठ्याच्या चिमट्यात अडकवलं आणि हातांची घडी घातली. डबलला ते दिसलं.

"चला."

टोला येणार नव्हता. दादा कुठेतरी आपल्या घरी पेपर वाचत असेल आणि दोरी डेपोच्या भंगारात गेली असेल. पायाखाली इंजिन थरथरत होतं. पाय कुणालातरी विचारू पाहत होता. डबल वाट पाहत राहिला, आणि वाट पाहतोय तो आपणच, आणि जिची वाट पाहतोय ती घंटीही आपल्याकडेच असायची, हे त्याला एकदम आठवलं. त्याने क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि निघाली.

"हं," मास्तर म्हणाले.

भिंतीशी आल्यावर त्याने पुन्हा आरशात पाहिलं. मागची जागा पुन्हा आंधळी होती. त्याचा हात दाराकडे गेला. मास्तर ताठ झाले. हात दारावरून परत आला, हँडब्रेकवर गेला आणि तो त्याने असा खेचला की मास्तरांची उशी हलली. मग तो उतरला, मागे गेला, पट्ट्या पाहिल्या, भिंत पाहिली. फळी समोर होती. त्याचा तळहात शिवशिवला. थाप न मारता तो वळला, गाडीला वळसा घालून आला आणि परत वर चढला.

मागे कोणी नव्हतं. त्याने गाडी हळूहळू मागे सोडली. आरशात भिंत मोठी होत येत होती. आजवर मागचं जग त्याच्यापासून लांब पळालं होतं. आता ते त्याच्याकडे येत होतं. त्याला ते आवडलं की भीती वाटली हे सांगता आलं नसतं. तो थांबला. ब्रेक.

मास्तर खाली वाकून पट्टीकडे पाहत होते. "डावीकडे गेलीय."

"हो. वाकडी लागलीय."

"म्हणून तर शाळा असते." त्यांनी चिमट्यातलं पेन काढलं आणि लिहिलं. लिहिलेलं त्यांनी त्याच्याकडे फिरवलं, 'शिकण्यास योग्य'. "मॅडमना आजच कळवतो. पैसे येतील. सोमवारपासून या." मग कंबर सांभाळत उतरता उतरता म्हणाले, "आणि तो ब्रेक माझा आहे, उपटू नका."

घरी बायको दारातच होती. त्याचा चेहरा पाहून तिला काही कळेना, कारण चेहऱ्यावर काहीच धड नव्हतं.

"बोला की."

"सोमवारपासून."

तिने दाराच्या चौकटीला हात टेकला आणि एक लांब श्वास सोडला. "बसा मग आता तरी. चहा टाकते."

तो गॅलरीसमोरच्या खुर्चीत बसला. पलीकडच्या भिंतीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते. त्याचा डावा पाय फरशीवर क्लच शोधत होता. सोमवार अजून लांब होता, आणि त्यानंतरचे सगळे रस्ते काचेच्या पलीकडे, त्याच्याच दिशेने तोंड करून उभे होते. बायकोने भांडं शेगडीवर ठेवलंही नसेल, एवढ्यात खुर्चीचा आवाज झाला.

"छत्री," ती मागे न बघता म्हणाली.