देवळातले बूट

मी नेदरलँड्समध्ये द हेगला कामाला आहे; इथल्या एका चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या काकांनी मला सांभाळलं, हे आधी सांगतो. ते मूळचे इंडोनेशियातल्या एका बेटावरचे. कशालाही डच भाषेत 'रुस्तिख' म्हणायचे, म्हणजे सावकाश, घाबरू नकोस. कुलूप अडलं तर कुलपालासुद्धा 'रुस्तिख'!

लॉकडाऊनमध्ये माझे वडील नगरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते आणि विमानं बंद होती. चर्चही बंदच. काकांनी माझ्या एकट्यासाठी बाजूचं दार उघडलं. सवयीनं मी दाराशी बूट काढले आणि आत जाऊन फरशीवरच मांडी घातली.

"का रे, बाकांनी काय घोडं मारलंय?" काका मास्कमधून म्हणाले.

मी त्यांना फोनवर गावचं देऊळ दाखवलं. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. साहेबाच्या काळातलं टोकदार मनोऱ्याचं चर्च पडल्यावर आजोबांच्या पिढीनं तिथं आपल्याकडच्या पद्धतीचं, घुमटाचं बांधलं. आत बाक नाहीत, सतरंज्या.

काकांनी फोटो मोठा करून घुमट बघितला. "आमच्या बेटावरही डचांच्या चर्चवर आम्ही नंतर आमच्या घरांसारखं छप्पर घातलं," ते म्हणाले. मग गुडघ्यांना "रुस्तिख, रुस्तिख" समजावत त्यांनी बूट काढले आणि दीड मीटर सोडून माझ्यासारखेच गार फरशीवर बसले.

वडील वाचले. सातवीत शाळा सोडलेल्या मला आभाराचं पत्र काही जमत नाही. पण एक दिवस काकांना गावी नेईन, देवळात वडिलांशेजारी सतरंजीवर बसवीन. गुडघ्यांखाली उशी मीच ठेवीन.