देवास रोडवरचा उठलेला नाका

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही... पण तिथे काय घडलं ते सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

संस्थानी काळात मी उज्जैनबाहेर, देवास रोडच्या जकात नाक्यावर कारकून होतो. रस्त्यावर आडवा बांबू – अलीकडे ग्वाल्हेरची हद्द, पलीकडे देवासची. पलीकडचा रामलाल प्रजामंडळाचा कार्यकर्ता. तिकडच्या जहागीरदाराविरुद्ध सभा घ्यायचा आणि त्याचे लठैत, म्हणजे पाळलेले काठीवाले, मागे लागले की बांबूखालून इकडे शिरायचा. लठैत पलीकडेच शिव्या देत थांबायचे. दुसऱ्याच्या राज्यात हात उचलायचा नाही, असा रिवाजच होता. "पंडितजी, पानी पिलाओ," रामलाल हसायचा, "आज तो तुम्हारे महाराज की भी जय!"

मग संस्थानं विलीन झाली, नाका उठला. बांबू मीच काढला, पेढे वाटले.

त्याच आठवड्यात, भर दुपारी मी नाक्याच्या खोलीतलं सामान आवरत होतो. रामलाल पळत आला आणि नेहमीसारखा माझ्यामागे उभा राहिला. "बच गए, पंडितजी."

लठैतांचा म्होरक्या पलीकडे थबकला. "बाबूजी, सरहद अभी है कि गई?"

नव्या राज्याचा मला केवढा अभिमान! म्हणालो, "गई! अब सब एक राज है."

"सुना रे?" तो बाकीच्यांना म्हणाला.

पहिली काठी रामलालच्या तोंडावर बसली. दात माझ्या पायाशी पडले. मी खोलीत शिरून कडी लावली... हाडं मोडल्याचे आवाज थांबेपर्यंत उघडली नाही. पोलिसांना सांगितलं, जेवायला घरी गेलो होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी उज्जैनच्या देवास गेट स्टँडवरून बसनं देवासला निघालो होतो. लख्ख दुपार, रस्ता मोकळा. नाक्याच्या जागी बस धाडकन आदळली. काच फुटली, शेजारच्या बाईचं कपाळ फाटलं. रक्त थुंकत तरणा ड्रायव्हर ओरडला, "बांबू किसने गिराया बे?" रस्त्यावर काहीच नव्हतं. बसच्या पत्र्यावर पोचा नाही. माझ्यासमोर सीटची दांडीही नव्हती, तरी छातीवर आडवा, काळानिळा वळ... कसा, ते आजही सांगता येत नाही.

तसाच रामलालच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं दार उघडलं, शेजारच्या बाईच्या रक्तानं भिजलेला माझा सदरा पाहून हात धरून बसवलं, पाणी दिलं. मग सहज म्हणाली, "भैया, आप उस दिन नाके पर होते, तो वो बच जाते."

मी पाणी प्यायलो आणि उठलो. भाभी आता नाहीत.

भाभी, मैं वहीं था. मुझे माफ़ करना.