विसरट

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. मुद्रितशोधकाला याहून साजेसं नाव शोधून सापडलं नसतं. मालकाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका हातात पडली तेव्हा अभिनंदन राहिलं बाजूला, आधी खिशातून लाल पेन निघालं. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय करणार? बायकोच्या वाणसामानाच्या चिठ्ठीतले ऱ्हस्वदीर्घ सुधारू लागला. तिने हात टेकले. म्हणाली, "अहो, स्वतःसाठी दुसरं काहीतरी काम शोधा, नाहीतर मी दुसरं घर शोधते."

त्यांना सापडला तो शब्दकोश. संगणकावर मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते ना, ती कुठे यावी आणि कुठे येऊ नये हे ठरवणारा. तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नव्हता. कुणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. काम करणारी माणसं ठिकठिकाणची, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली, आणि पगार कुणालाच नाही. "पगार नाही, म्हणजे रजाही नाही," असं बायको म्हणाली आणि अगदी तसंच झालं.

तिथेही कानामात्रांनी दरारा बसवला. पूर्वी ज्याच्या मनात येईल तो शब्द तो आत ढकलायचा. यांनी नियम करून घेतला: शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणी छापलेला दाखवा, मगच आत. चिमणी या टोपणनावाने काम करणाऱ्या एका मुलीने आपल्या आजीचे शब्द हौसेने आणले होते. यांनी एकेका शब्दापुढे "गोड आहे. पुरावा?" एवढंच लिहून सगळे परत पाठवले. ती काही दिवस फुगून बसली, मग कामाला लागली, आणि पुढे आलेले शब्द पारखायचं काम तिच्याकडेच आलं. "काका, तुम्ही माझ्या आजीला दारातूनच परत पाठवलंत," असं ती अधूनमधून लिहायची. कानामात्रांना त्यात गंमतच वाटायची.

या सगळ्यात चहाचे हाल व्हायचे. बायको कप कोपराशी ठेवून जायची आणि हे एखाद्या जोडाक्षरात अडकलेले असायचे. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "झाला का विसरट?"

शब्द तिचाच. आंबट, खारट, तुरट, तशी ही आणखी एक चव: विसरून राहिलेल्या चहाची. हे ओशाळून "झाला" म्हणायचे, आणि ती पुटपुटत चहा पुन्हा गरम करून आणायची.

एकदा ती म्हणाली, "एवढे ढीगभर शब्द घालता, माझा एक घाला की."

"तीन ठिकाणी छापलेला दाखव."

"माझा शब्द कोण छापतंय? एक तुमचं तोंड, एक माझं तोंड, झाली दोन. तिसरं तोंड कुठून आणू?"

दोघंही हसली, पण तिचं हसू मध्येच उतरलं. त्या घरात तिसरं तोंड कधी आलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

थोरल्या मेहुणीने खुशाली विचारली, म्हणून एका सकाळी कानामात्रा तिला पत्र लिहायला बसले. 'चहा येतो मला करता, पण रोज विसरट होतो.' विसरट या शब्दाखाली लाल रेघ उमटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांखाली लाल रेघा मारणाऱ्या या माणसाला ती एक रेघ बघवेना. त्यांच्याच शब्दकोशाने तिला चूक ठरवलं होतं. त्यांना रडू कोसळलं.

पत्र तसंच ठेवून त्यांनी शब्द पाठवून दिला: 'विसरट. विशेषण. विसरून राहिल्याने थंड झालेला, विशेषतः चहा.' पुराव्याची जागा कोरीच राहिली.

चिमणीचं उत्तर आलं, "काका, गोड आहे. पुरावा?"

त्यांनी लिहिलं, "बायको म्हणायची."

तिकडून आलं, "मला ठाऊक नव्हतं हो, काका. घेते मी आत. कुणी विचारणार नाही. घेऊ ना?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. तिचा शब्द कुणाच्याही संगणकावर बिनरेघेचा दिसला असता. त्यांचं बोट कळफलकावर गेलंसुद्धा. पण मग चिमणीच्या आजीचं काय? तिला परत पाठवताना आपण एक शब्द जास्तीचा लिहिला नव्हता. आणि आता बायकोला मागच्या दाराने आत घेतलं, तर तीच आधी विचारेल, "अहो, माझ्यासाठी वशिला लावलात?"

त्यांनी लिहिलं, "नको. नियमात बसत नाही. दोनच तोंडं होती, आता एकच आहे. तुझ्या आजीची माफी मागतो." आणि आपली सूचना आपल्याच हाताने मागे घेतली.

मग ते मेहुणीच्या पत्राकडे वळले. लाल रेघ होतीच. तिच्यावर टिचकी मारली की 'माझ्या शब्दांत घाला' असा एक पर्याय येतो. चुका लपवायची सोय म्हणून त्यांनी त्याला आजवर नावं ठेवली होती. त्यांनी तो दाबला. रेघ गेली. एवढ्या एका संगणकापुरती, पण गेली.

कोपराशी कप होता. त्यांनी घोट घेतला आणि सवयीने स्वयंपाकघराकडे कान देऊन बसले.

"झाला," थोड्या वेळाने ते म्हणाले.