पहिल्या ओळीतला नारळ

नुकत्याच फोडलेल्या नारळाचा वास आला की मला आमगावजवळचा आमचा तलाव आठवतो. मोठा भाऊ तेव्हा गोंदियाला मॅट्रिकला होता. ‘आय कुडन्ट केअर लेस’, म्हणजे मला काडीचीही पर्वा नाही, हे वाक्य तो नुकतंच शिकून आला होता आणि ते नेमक्या जागी वापरायची संधी शोधत होता. ती त्या दुपारी मिळाली. धानाला पाणी सोडायचं होतं आणि त्यासाठी बुडी मारून तळाच्या मोरीला बूच म्हणून ठोकलेला खुंटा काढावा लागे. "आधी तलावाले नारळ दे, मंग उतर," बाबा म्हणाले. भावाने पाण्याकडे बघत ते वाक्य ठणकावलं आणि सूर मारला. थोडा वेळ बुडबुडे आले, मग तेही थांबले. वारा नव्हता, तरी बांधावरचं गवत हलत होतं. "काऊन वर येऊन नाही राहिला हा?" म्हणत बाबांनी नारळ फोडला. तेव्हाच भाऊ वर आला. ओठ निळे पडले होते. "बाबा, खाली कोणीतरी मले तेच वाक्य म्हटलं," तो पुटपुटला, "माह्याच आवाजात." पाणी सोडायच्या दिवसाची यादी आता मी करते. दोर, खुंटा, माणसं हे सगळं नंतर येतं; पहिल्या ओळीत नारळ असतो.