मांगुरांना देवी आली

शेततळ्यात मांगूर सोडले ते आमच्या मालकांनी. मांगूर म्हणजे मिशीवाला, बिनखवल्यांचा मासा. मालक गेले, तेव्हापासून तळं मीच पाहते. थंडीत तांड्यातली अर्धी घरं ऊसतोडीला जातात, लेक तर कायमचाच पुण्याला. मग बोलायचं कोणाशी? माशांशी. घमेलं वाजवलं की मिशा वर काढतात. तुम्हीच सांगा, माझ्या हाकेला ओ देणारं दुसरं कोण आहे?

औंदा थंडी पडली अन् माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. घमेलं वाजवलं तर निम्मे वर येईनात. आमच्यात आईला याडी म्हणतात. लेक फोनवर म्हणाला, "याडी, मासे मेले तर मी सुट्टी टाकून येतो, तळंच बुजवून टाकतो. मंग चाल माह्यासंगं पुण्याले. इथं माणसं तरी हायेत."

"हायेत ना, दारं लावून बसलेली."

मालक थंडीत खाद्याच्या गोळ्यांना हळद-लसणाचं वाटण चोळायचे, वरून जवसाचं तेल. मी वाटण केलं, तेलाची बाटली उचलली अन् थांबले. लाल चट्टे म्हणजे देवीच की! देवी अंगावर असली की आमच्यात चुलीवर फोडणी पडत नाही, तेलाला कोणी शिवत नाही. लेकाला कांजण्या आल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी बिनफोडणीचंच खाल्लं होतं. तसंच केलं. बाटली ठेवून दिली, गोळ्यांना नुसतं वाटण चोळून तळ्यात टाकलं, काठाला निंबाचा टहाळा खोवला, नारळ फोडला. मासे काही सुधरेनात.

एक दिवस लेक म्हणाला, फोनवर तळं दाखव. दाखवलं.

"याडी, पाणी पिवळं काहून दिसून राह्यलं? तेल लावलं नाही का?"

मी देवीचं सांगितलं. तो हसतच सुटला. "अवं, तेलानंच तर वाटण गोळीले धरून राहते! बा त्यासाठीच लावत होता. माशांच्या पोटात काही गेलंच नाही. तू तळ्यालेच हळद लावून राह्यली. लगन हाये का तळ्याचं?"

"हाये. तू करवला म्हणून ये."

पुन्हा हसला. मग त्याच्या सांगण्यावरून निम्मं पाणी सोडलं, विहिरीचं ताजं भरलं. देवीची माफी मागून गोळ्यांना तेल चोळलं. काही मासे गेले, ते शेवग्याच्या बुडाशी पुरले. बाकीच्यांचे चट्टे हळूहळू फिके पडले. अन् एका सकाळी घमेलं वाजवलं तर अख्खं पाणी खळबळलं.

मी लगेच फोन लावला. "आले रे, सगळे वर आले!"

"बेस झालं, याडी. मंग आता सुट्टी टाकायचं काम नाही."

"नाही," मी म्हटलं. "कायले येतं उगीच."

त्यानं फोन ठेवला. घमेल्यात मूठभर खाद्य उरलं होतं, तेही टाकलं. मग रिकामंच घमेलं पुन्हा एकदा वाजवलं.

आले बिचारे.