ओर्टीचं जाडं सूत

ओर्टी माझी सावत्र आई. मी तिला आईच म्हणते. मी तोंडाची फटकळ आणि ती अशी गरीब, की कोंबडीनं चोच मारली तरी कोंबडीलाच विचारील, "लागलं का गं?"

हिवाळ्यात श्वाल्म नदीकाठच्या आम्ही बायका दिवेलागणीला पाळीपाळीनं एकेकीच्या घरी चरखे घेऊन जमतो. जिचं सूत तुटेल तिनं गोष्ट सांगायची, असा रिवाज. ओर्टीचं सूत मुद्दाम तुटायचं. दहा चरख्यांची गुणगुण, शेगडीवर भाजणारी सफरचंदं आणि तिचा संथ आवाज. ऐकता ऐकता भिंती विरून जायच्या आणि आपण रानातून चालायला लागायचो. दुष्काळात एक आई आपल्या दोन लेकरांना रानात सोडून येते, ती गोष्ट तिची सगळ्यात लाडकी. ती चालू असली की माझ्या पायाखाली खरोखर ओला पाचोळा लागायचा.

मी सहा वर्षांची असताना कासेल शहरातून एक गृहस्थ हीच गोष्ट उतरवून घ्यायला आमच्या घरी आले होते. थंडीनं त्यांची शाई गोठली, म्हणून दौत शेगडीवर ठेवली होती. मला तेवढंच आठवतं.

दहा वर्षांनी त्यांचं पुस्तक गावात आलं. मास्तरांनी ते आमच्या बैठकीत वाचून दाखवलं. रानात सोडणारी आई पुस्तकात सावत्र झाली होती.

"अगं बाई ओर्टी," शेजारची एंगेल मावशी म्हणाली, "आम्हाला इतकी वर्षं सख्खी सांगितलीस, आणि त्या परक्या माणसापुढं पोटातलं ओठावर आलं होय?"

सगळ्या हसल्या. ओर्टी खाली मान घालून कातत राहिली.

त्या दिवसापासून ती जाडं सूत कातायला लागली. जाडं सूत तुटत नाही, आणि तुटलं नाही की गोष्ट सांगावी लागत नाही. विणकर नाक मुरडायचा, "हे सूत आहे की दावं?" ती नुसती हसायची. दोन हिवाळे असे गेले. गोष्ट गेली तशी ती बाईच निम्मी झाली. भाकरीचा तुकडा हातात घेऊन खिडकीबाहेर बघत बसायची. माझा जीव तुटायचा. त्या कासेलकराला मी रोज शिव्या घालायचे. चित्रं विकणारा फेरीवाला त्याच गोष्टीचं चित्र घेऊन आला, त्यात सावत्र आईला पोपटासारखं नाक. ते मी विकत घेतलं आणि चुलीत घातलं.

शेवटी यंदा मी ठरवलं. भर बैठकीत माझं सूत मीच तोडलं आणि गोष्ट सुरू केली. दुष्काळ पडला, पीठ संपलं. "मग त्यांची आई," मी एंगेल मावशीकडं रोखून बघत म्हणाले, "सख्खी बरं का, नऊ महिने पोटात वाढवणारी..."

ओर्टीचा चरखा थांबला. "लीसबेट, असं नको सांगूस."

"का? तू अशीच सांगायचीस. त्या मेल्यानं बदललं."

"त्यांनी नाही गं. त्या दिवशी मीच तसं सांगितलं."

चरखे एकेक करून थांबले.

"ते आले तेव्हा तुझ्या आईला जाऊन चार महिने झाले होते," ती हळूच म्हणाली. "तू शेगडीपाशी बसून माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होतीस. आई लेकरांना सोडून जाते, हे तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं म्हणू? तुला वाटलं असतं, माझीही तशीच गेली. म्हणून तू सावरेपर्यंत सावत्र म्हटलं. मी जिवंत होते. मला सोसलं असतं."

एंगेल मावशीनं डोक्याच्या रुमालाची कड डोळ्यांना लावली.

"सांग ना पुढं," ओर्टी म्हणाली. "पोरं रानात ताटकळलीत."

मला कुठलं सांगता येतंय? मी तिच्या मांडीत तोंड खुपसून सगळ्यांसमोर रडत होते. माझ्या केसांत बोटं घालून पुढची गोष्ट तिनंच सांगितली.